पलतडची शाखा

१७ ऑगस्ट १९६१, गुरुवार

आज संध्याकाळी सव्वासहा वाजता मी परराष्ट्र समितीचा चिटणीस झालो. रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य माणसाला कुठे नेऊन बसवील, सांगता येत नाही.

आमच्या तोंडवली लोकारोग्य सेवा मंडळाची सभा देवळाच्या धर्मशाळेत होती. सात जण हजर, त्यांतले दोघे खरजेचं मलम न्यायला आलेले. मंडळ म्हणजे मुख्यतः भाई. मुंबईच्या एका इस्पितळात तीस वर्षं कंपाउंडर होते, निवृत्त होऊन गावी आले आणि धर्मशाळेत दवाखाना थाटला. त्याला चार वर्षं झाली. भाई म्हणाले, गावातली खरूज आटोक्यात आली, आता कार्याचा विस्तार व्हायला हवा. दरसालच्या अहवालात तीच खरूज वाचून पैसे पाठवणाऱ्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला कंटाळा आलाय.

पण विस्तार करायचा कुठे? धामापूरवाल्यांनी कळवलंय की आमची भगवती आम्हाला सांभाळायला समर्थ आहे, बाटल्या तुमच्याकडेच ठेवा. शेजारच्या गावाने कळवलंय की अडतीस साली तुम्ही आमच्या पालखीला वाट दिली नाहीत, तेव्हा मेलो तरी तुमची पुडी घेणार नाही. तिसऱ्या गावाने उत्तरच दिलं नाही.

माझं डोकं फिरलं. उठून म्हणालो, "मगे परदेशात जावया. हयसर कोणाक आमची किंमत नाय."

तो टोमणा होता. पण सभेने तो सूचना म्हणून घेतला. भाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, कुठल्या परदेशात?

कोपऱ्यात सुगंधा बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "गोव्यात."

खरंच की. तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगिजांचं राज्य. झेंडा वेगळा, नाणी वेगळी. यंदा सरकारने जाण्यायेण्याचे निर्बंध सैल केलेत, परवानेही मिळताहेत. गोव्यात शाखा काढायची, त्यासाठी परराष्ट्र समिती, चिटणीस मी, असा ठराव एकमताने पास झाला. मलमवाल्यांनीसुद्धा हात वर केले.

सुगंधा मिरजेला नर्सिंग शिकून आली आहे. वडील नाहीत, आई आणि ती बाबलीमामाकडे राहतात. ती बावीस वर्षांची, मी वीस. शाखा निघाली तर ती तिथली नर्स आणि मी तिथला चिटणीस. एका अख्ख्या देशात आम्ही दोघं, आणि तोंडवलीतलं दुसरं काळं कुत्रं नाही. शाखा निघाली नाही तर बाबांनी ठरवून ठेवलंच आहे: नवीन वर्षी मुंबईची बोट, काकाच्या ओळखीने गोदीत कारकुनी.

कॉलेजविषयी इथे लिहीत नाही. एवढंच, की कोल्हापूरच्या मेसमध्ये मासे मिळावेत म्हणून मी संप पुकारला होता, आणि त्या संपात मी एकटाच होतो.

२० ऑगस्ट

सुगंधेची तळमळ पाहून मान खाली जाते. काल बाबलीमामाला मुंबईहून जाड पाकीट आलं, मामा खुशीत. आज सकाळी सात वाजता ही भाईंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात उभी, परवान्यांचे अर्ज कधी पाठवताय म्हणून. मामा मुंबईच्या पत्रात रमलाय आणि भाचीला ध्यास परक्या देशातल्या रोग्यांचा. एका घरातली माणसं किती निराळी असतात.

२७ ऑगस्ट, रविवार

नारळीपौर्णिमा झाली, दर्यात होड्या लोटल्या. आज परदेशी कार्याचा नारळ.

गाऱ्हाणं घालायचा मान भिकाजी गावकाराचा. तो देवासमोर उभा राहिला, डोळे मिटले आणि सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी परमुलखात जावचो इचार केलो आसा." आम्ही म्हटलं, "होय म्हाराजा." "तेंच्या वाटेतले काटेकुटे दूर कर रे म्हाराजा." "होय म्हाराजा." "आनि गावात जी काय रोगराई, खोकलो, खरूज, इडापिडा आसात, ती उचलून वेशीभायर, खाडीच्या पलतडी नेवन टाक रे म्हाराजा." "होय म्हाराजा." सर्वांत मोठा आवाज माझा.

सुगंधा गप्प होती. नंतर तिने भिकाजीला विचारलं, की पलतडी तर आता आपणच जाणार ना? भिकाजी म्हणाला, गाऱ्हाणं आजापणज्यापासून असंच चालत आलंय, त्यात कानामात्रा बदलता येत नाही. पलतडच्यांना नको असेल तर त्यांनी त्यांच्या देवाला सांगावं परत धाडायला.

मला हे पटलं. देवादेवांमधला पत्रव्यवहार चिटणिसाच्या कक्षेत येत नाही.

९ सप्टेंबर, शनिवार

दुपारी तीन ते चार पोर्तुगीज भाषेचा वर्ग. शिक्षक लिनो, वर्ग त्याच्याच घरी. लिनोचा मालवणात पावाचा धंदा आहे, आणि लहानपणी तो दोन वर्षं गोव्यात पाद्रीबाबाच्या स्वयंपाकघरात होता. त्याला नमस्काराचं 'बों दिया' येतं, आभाराचं 'ओब्रिगाद' येतं, त्यापुढे थेट प्रार्थना. मधलं काही नाही. त्यामुळे भाई गेले चार दिवस रोग्याला कुठे दुखतं हे विचारायचं म्हणून जे पाठ करताहेत, ते ऐकून लिनोची बायको आल्बिना दारात आली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

आज सुगंधाने हात वर केला. "लिनोबाब, पलतडची माणसां कोंकणीच बोलतत मां?"

लिनो म्हणाला, "बोलतत तर. आनि काय बोलतले?"

 मग भाई म्हणाले, परदेशात जाताना परदेशी भाषा शिकून जाणं हा सभ्यपणा आहे, आणि वर्ग पुढे चालू झाला.

२० सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस मंडळाच्या इतिहासात लिहून ठेवावा असा.

सकाळी बाबलीमामाने मला रस्त्यातून हाक मारून घरात घेतलं. ओटीवर मुंबईचे एक गृहस्थ बसलेले. चाळिशीच्या आतबाहेर, हातात दोन अंगठ्या, लालबागला मोठी खानावळ आहे म्हणे. बायको तीन वर्षांपूर्वी वारली, आई अंथरुणाला खिळलेली. मी लगेच ओळखलं: देणगीदार. ग्रामस्थ मंडळाने पाहणीला पाठवलेला असणार. नाहीतर एवढा मोठा माणूस आमच्या गावात कशाला येईल, आणि आल्याआल्या सुगंधेचं शिक्षण किती, तब्येत कशी, हे कशाला विचारील?

सुगंधा चहा घेऊन आली. हिरवं लुगडं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, गुरुदासा, हाच क्षण. आणि मी बोललो. अर्धा तास बोललो. म्हणालो, शुश्रूषेत तिचा हात धरणारं माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात नाही. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसांचं तर ती इतक्या मायेने करते, की ती माणसं बरी व्हायला बघत नाहीत. रात्रीबेरात्री उठवा, कपाळाला आठी नाही. स्वयंपाक करते, हिशेब ठेवते, कमी बोलते.

गृहस्थ खूश झाले. अंगठ्यावाला हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, असा शेजार मिळायला भाग्य लागतं. बाबलीमामाने स्वतःच्या हाताने मला दुसरा लाडू दिला. या माणसाने आजवर मला आपल्या विहिरीचं पाणी दिलेलं नाही.

सुगंधाने माझा कप उचलला. अजून त्यात चहा होता.

२४ सप्टेंबर

चार दिवस सुगंधा माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तोंडावर केलेली स्तुती काही माणसांना सोसत नाही. तिचा हा विनय मला फार आवडतो.

२२ ऑक्टोबर, रविवार

परवाने आले. पाच. भाई, भिकाजी, लिनो, सुगंधा आणि मी. पुढल्या रविवारी पलतडच्या एका वाडीत जाऊन लोकांना भेटायचं, औषधं दाखवायची, शाखेसाठी जागा मागायची. ती वाडी लिनोच्या मावसभावाच्या ओळखीची. तिथला वडीलमाणूस दाजी म्हणून आहे, तो हो म्हणाला की सगळे हो म्हणतात.

सुगंधा आज माझ्याशी बोलली. म्हणाली, बाटल्यांना लेबलं नीट लाव, मागल्या खेपेला घोड्याला चोळायचं लिनिमेंट खोकल्यात गेलं होतं. आवाजात काय गोडवा होता.

३० ऑक्टोबर, सोमवार

परत आलो. अंगाला अजून चिखलाचा वास येतोय. सगळं क्रमाने लिहितो, कारण भाईंच्या अहवालात यातलं काहीच येणार नाही.

शनिवारी निघताना जानकीकाकीने आणि बायकांनी औषधांची परडी सजवून दिली. जानकीकाकी म्हणजे गावची सुईण, अर्धा गाव तिच्याच हातावर जन्मलेला. पहिल्यांदाच परदेशी चाललंय सामान, उघडंबोडकं कसं द्यायचं, असं तिचं म्हणणं. नवीकोरी परडी, वर तांबडं कापड, त्यावर हळदकुंकू, नारळ, दोन लिंबं, अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे. भिकाजीने पलतडच्या राखणदार देवासाठी जिवंत कोंबडा घेतला. परमुलखात रिकाम्या हाताने जायचं नाही.

खाडीकाठी आरोंद्याला मुक्काम करून काल सकाळी होडीत बसलो. खाडीच्या मध्यावर भिकाजीला राहवलं नाही. तो परडी हातात आणि कोंबडा बगलेत घेऊन होडीत उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. आम्हीही "होय म्हाराजा" म्हणत होतो. पाणी शांत, आवाज लांब जात होता.

पलतडी माणसं जमायला लागली. मी म्हटलं, काय हे स्वागत. मग त्यांच्या हातात काठ्या दिसल्या. मग एक ढोल वाजायला लागला, आणि तो काही मंगल वाजत नव्हता. एक म्हातारा पाण्याच्या कडेला येऊन ओरडला, "तुमची पिडा तुमी माघारी व्हरा. हांगा देवंवपाची ना."

पिडा इथे उतरवू न देणारा तो दाजी.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे गावात साथ आली की काय करतात? परडीत तांबडं कापड, नारळ, लिंबं, हळदकुंकू घालतात, सोबत कोंबडा घेतात, आणि गाऱ्हाणं म्हणत ती रोगराई वेशीपलीकडे नेऊन ठेवतात. पुढच्या गावाला ती दिसली की ते उचलून त्यांच्या पलीकडच्या वेशीवर. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जानकीकाकीला ठाऊक, भाईंना ठाऊक, भिकाजीने तर स्वतः तीनदा परडी घालवली आहे. पण या खेपेला परडीत औषध आहे या आनंदात एकालाही आठवलं नाही. चौकीवरचा पाखलो, म्हणजे गोरा पोर्तुगीज शिपाई परवाने तपासायला बाहेर आला होता. त्याला या भागात सहा वर्षं झालेली असावीत. त्याने परडी बघितली, कोंबडा बघितला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लिनोला पोर्तुगीज बोलायला आयुष्यात एक पोर्तुगीज मिळाला होता, तोही गेला.

कोणीतरी एक ढेकूळ भिरकावलं. ते सुगंधेच्या पायाशी पडलं. मग मी काय केलं असेल ते या वहीला सांगायला नको. "कोण तो, फुडे ये" म्हणून मी होडीतून उडी मारली. ओहोटी होती. मांडीपर्यंत चिखलात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. पाय निघेनात. पण आव्हान मी चालू ठेवलं.

सुगंधा दुसऱ्या बाजूने, खडकावरून उतरली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिने भिकाजीच्या हातातली परडी घेतली. तांबडं कापड काढून पाण्यात सोडलं. मग लिंबं. मग वळेसर. मग नारळ. सगळ्यांच्या देखत, एकेक. परडीत नुसत्या बाटल्या उरल्या. तिने खोकल्याच्या औषधाचं बूच काढलं, झाकणात ओतलं आणि स्वतः प्याली. (लेबल मी लावलं होतं. माझा जीव टांगणीला लागला.) तोंड वाकडं करून म्हणाली, "पिडा काय अशी कडू आसता, दाजी?"

दाजीने काठी खाली केली. विचारलं, "आनि तो कोंबो?"

"कोंबो भिकाजीचो. तेका पडसां झालां."

पहिल्यांदा एक बाई हसली, मग सगळे. तीच बाई पायाला गळू झालेलं पोर घेऊन आली. सुगंधा एका धोंड्यावर बसली, पाय धुतला, पट्टी बांधली. दुपारपर्यंत बावीस माणसं झाली. भाई बाजूला उभे राहून एकेकाला पोर्तुगीजमध्ये प्रार्थना विचारत होते.

मला चिखलातून काढायला दोन तासांनी चौघे दोरखंड घेऊन आले. त्यातला एकजण ढेकूळवाला होता असा माझा संशय आहे, पण दोर त्याच्या हातात असल्यामुळे मी विषय काढला नाही. एक चप्पल पोर्तुगिजांच्या राज्यात राहिली.

निघताना दाजीने निकाल दिला. "बाय येवंदी. खोली आमी दितलों. परडी नाका, मंडळ नाका. आनि तो चिखलांतलो तर मुळींच नाका."

कोंबडा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

१ नोव्हेंबर

'तो चिखलांतलो' हे शब्द कुणालाही लागू पडू शकतात असं मी भाईंना पटवत होतो. भाईंनी विचारलं, चिखलात आणखी कोण होतं? मी विचार करून सांगतो म्हटलं.

लिनो पाव द्यायला आला होता, त्याला मी शेवटी मनातलं सांगितलं. म्हटलं, तो लालबागचा देणगीदार जर भाईंना दोन शब्द लिहील माझ्याबद्दल, तर दाजीचं मन वळेल. लिनोने हातातला पाव परत टोपलीत टाकला. मग त्याने टोपली खाली ठेवली.

"अरे मेल्या, देणगीदार खंयचो? नवरो तो. आवशीक सांभाळूक नर्स होयी, ती फुकट गावली तर बरी म्हणान इलो. आनि बाबली सगळ्या गावाक सांगता, गुरुदासान शिफारस केल्यान."

मी धावत बाबलीमामाच्या खळ्यात गेलो. मुठी आवळलेल्या. मामा बाहेर आला, म्हणाला, काय रे? त्याच्या मागे दारात सुगंधा उभी होती. काय बोलायचं होतं ते सगळं डोक्यात होतं, तोंडातून निघालं, "आयेन विळी मागितल्यान."

मामाने विळी दिली. घरी आई विचारत होती, आपल्या दोन विळ्या असताना ही कुणाची.

२७ नोव्हेंबर, सोमवार

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, आणि ते लिहवत नव्हतं.

सीमेवर गडबड आहे. परवाने बंद. सावंतवाडीकडे लष्कराच्या मोटारी जाताहेत म्हणे. शाखा बारगळली. आणि भाईंच्या नव्या छापील कागदांचा गठ्ठा नेमका आज मालवणहून आला. वर ठळक अक्षरांत: शाखा – तोंडवली, परदेश.

फेब्रुवारीत अष्टग्रही आहे, आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार असं सगळे म्हणताहेत. म्हणून बाबलीमामाने सुगंधेचं लग्न चार जानेवारीला धरलंय. जग बुडायच्या आधी कर्तव्यातून मोकळं व्हायचं. मी आईला म्हटलं, जग बुडणारच असेल तर लग्न कशाला? आई म्हणाली, तुझं तिकीट पाच तारखेचं आहे, बाबांशी बोल.

सुगंधा दवाखान्यात येते, पट्ट्या गुंडाळते. मी माफी मागायला तीनदा गेलो. तिन्ही वेळा तिने मला बाटल्या धुवायला दिल्या.

१९ डिसेंबर, मंगळवार

गोवा आपला झाला.

भाईंच्या ओटीवर रेडिओपाशी सगळा गाव. लिनोने पाव फुकट वाटले. भिकाजीने ढोल काढला. शाळा सुटली, पोरं झेंडे घेऊन किनाऱ्यावर धावत होती. जानकीकाकीने माझ्या तोंडात साखर घातली आणि विचारलं, रडतंस कित्या रे? मी म्हटलं, आनंदाने.

खोटं. गोवा परदेश राहिला नाही, म्हणजे परराष्ट्र समिती राहिली नाही, म्हणजे चिटणीस राहिला नाही. साडेचारशे वर्षं थांबले पोर्तुगीज, आणखी सहा महिने त्यांना काय जड होते? हे वाक्य देशद्रोहाचं आहे हे मला कळतं. वही लपवून ठेवतो.

२२ डिसेंबर, शुक्रवार

समिती विसर्जित. भाई माझ्याहून जास्त खचलेत. म्हणाले, आता अहवालात काय लिहू, 'परदेश' आपल्याच देशात गेला? छापील कागद मागच्या बाजूने वापरायचं ठरलं. आज त्यांत खरजेच्या पुड्या बांधल्या.

चांगली गोष्ट एकच: दाजीचा निरोप आला. खोली तयार आसा, बायेक धाडा. भाईंनी निरोप मोठ्याने वाचला. सुगंधा हात धूत होती. ती बराच वेळ हात धूत राहिली.

२८ डिसेंबर, गुरुवार

दवाखान्यात दुपारी कोणी नव्हतं. सुगंधाने आपणहून मला बोलावलं आणि बाटल्या दिल्या नाहीत.

सांगितलं ते असं. अजून काही दिवस जायला चिठ्ठी लागते, ती भाईंनी सावंतवाडीला लष्कराच्या साहेबाकडून तिच्या नावाने आणली आहे. मंगळवारी सकाळची एसटी. आईला ठाऊक आहे, भाईंना ठाऊक आहे, मामाला नाही. ट्रंक जड आहे, ती मालवणच्या स्टँडवर कुणी पोचवील का?

मी म्हटलं, ट्रंकच काय, मी स्वतः येतो. दाजीचे पाय धरीन. चिखलाबद्दल माफी मागीन. चिटणीस नको, झाडू मारीन. आणि मग जे ऑगस्टपासून बोलायचं होतं ते बोलायला तोंड उघडलं.

"बोला नको," ती म्हणाली. "चार म्हयने तुझा तोंड सगळ्या गावाक दिसता."

"मगे?"

"मगे काय? गुरु, माका घोव नको. लालबागचो नको आनि तोंडवलीचो नको. थयसर एक खोली आसा, तिका आतसून कडी आसा. मामाच्या घरात माका कडी नाय."

मला समजेना. एका कडीसाठी परदेश? तसं विचारलं. ती म्हणाली, सतरा ऑगस्टला मी 'गोव्यात' म्हटलं तेव्हा गोव्याच्या जागी तिथे बर्मा असता तर बर्मा म्हटलं असतं. तू उठून परदेश म्हणालास, तेवढं दार उघडं दिसलं.

म्हणजे रोग्यांची तळमळ नव्हतीच? त्यावर ती चिडली. म्हणाली, ती वेगळी, ती आहेच. बावीस माणसांत सात पोरांना जंत आहेत, कुणी बघायचं त्यांच्याकडे, खानावळवाल्याने?

मी घरी आलो आणि जेवलो नाही. नंतर जेवलो. बांगडे होते.

२ जानेवारी १९६२, मंगळवार

उजवा डोळा सुजलाय, एका डोळ्याने लिहितोय.

पहाटे ट्रंक सायकलला बांधून स्टँडवर नेली. सुगंधा तिच्या आईबरोबर आली. आईने पिशवीतून सुकट दिली, भाकऱ्या दिल्या, डोळे पुसले नाहीत, लवकर परत फिरली. ट्रंक टपावर चढवली. सुगंधा मागच्या बाजूला खिडकीशी बसली, पदर डोक्यावरून घेऊन. कंडक्टर चहा पीत होता. सुटायला सात मिनिटं.

आणि बाजाराच्या बाजूने बाबलीमामा, कुणी खबर दिली देव जाणे. धोतर वर खोचलेलं, सायकल तशीच टाकून एकेका गाडीत डोकावत येत होता. तिसरी गाडी तिची.

मला विचार असा काही सुचला नाही. मला आजवर कधीच सुचलेला नाही. पण एक गोष्ट या किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे: बाबलीमामाने आयुष्यात एकही भांडण अर्ध्यावर सोडलेलं नाही. एकदा तराजूवरून वाद झाला तर तो संपेस्तोवर मामाची मुंबईची बोट निघून गेली होती.

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, मामा, रुमाल खंय?

"खंयचो रुमाल?"

"पुढच्या सीटवर मी रुमाल टाकून जागा धरललंय. तुमी उचललास."

मामा म्हणाला, मी आत्ताच येतोय, बाजूला हो. मी म्हटलं, चोर असंच म्हणतात. त्यावर त्याने माझं कुळ काढलं. मी त्याचं काढलं. त्याने कॉलेज काढलं. मी अडतीस सालच्या पालखीला वाट न देणाऱ्यांत त्याचे वडील पुढे होते, ते काढलं. तिथे मामा तापला. सायकल, गाडी, भाची, सगळं मागे पडलं. त्याने काखेतली छत्री खाली ठेवली, म्हणजे आता हे नीट व्हायचं. माणसं जमली. मी एकेक पाऊल मागे सरत त्याला गाडीच्या दारापासून वडाच्या पारापर्यंत आणला. पारापाशी त्याने मला डोळ्यावर हाणली. बऱ्यापैकी हाणली.

कंडक्टरने घंटी मारली. मामाचा हात माझ्या कॉलरला होता, मीही त्याची कॉलर सोडली नाही. एसटी आमच्या मागून धूळ उडवत गेली. मागच्या खिडकीत पदर दिसला. ती वळून बघत होती की नाही, या डोळ्याने दिसलं नाही.

भांडण त्यानंतरही वीस मिनिटं चाललं. अर्ध्यावर सोडणं त्याच्या रक्तात नाही. मग दोघेही दमलो आणि पारावर बसलो. मामाला धाप लागली होती. त्याने बंडीच्या खिशातून पानाची चंची काढली, एक पान लावून मला दिलं, एक स्वतः खाल्लं. रिकाम्या स्टँडकडे बघत राहिला. कळलं असावं.  पानाची पिंक टाकून त्याने विचारलं,

"काय रे गुरुदासा, सीटवरून एवढो भांडलंस. पण तुका जावचा खंय होता?"

मी म्हटलं, "खंयच नाय."